नागपुरातला आमचा सुषिर वाद्यांचा छोटा गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपला की लोक मंचाजवळ येतात, वाद्यं हातात घेऊन बघतात आणि विचारायला लागतात. फोनवरही साधारण तेच प्रश्न येतात. घाईघाईत दिलेल्या उत्तराने ना त्यांचं समाधान होतं ना माझं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. मी या गटात क्लॅरिनेट वाजवतो आणि तालमींची व्यवस्था पाहतो.

तुम्ही नेमकं काय वाजवता?

फुंकून वाजवायची पाच वाद्यं: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून आणि फ्रेंच हॉर्न. या जोडणीला विंड क्विंटेट म्हणतात. पाचही वाद्यांत हवाच बोलते, पण प्रत्येकाची बोलण्याची रीत निराळी. फ्लूटमध्ये ओठांतून निघालेली हवेची धार भोकाच्या कडेवर आपटते. क्लॅरिनेटला एकाच पात्याची रीड असते, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी. ओबो आणि बॅसूनला सनईसारखी दोन पात्यांची रीड लागते. हॉर्नमध्ये तर रीड नसतेच, वादकाचे ओठच थरथरतात. व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशा तंतुवाद्यांच्या चौकडीत सगळे आवाज एका घरातले असतात. इथे पाचही परके. त्यांना एकत्र नांदवायचं, हीच या संगीताची मेहनत आणि हाच त्याचा आनंद.

मग हा बँडच झाला ना?

वाद्यं बँडमधली आहेत, काम वेगळं आहे. बँडमध्ये चार-सहा क्लॅरिनेट एकच ओळ वाजवतात. एकाने श्वास घेतला तर बाकीचे ती ओळ पुढे नेतात, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आमच्यात एका ओळीला एकच माणूस. तो थांबला की ती ओळ थांबली. त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हेही संगीताइतकंच ठरवून लिहावं लागतं. आमच्या प्रत्येकाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेल्या श्वासाच्या खुणा सुरांच्या खुणांपेक्षा जास्त आहेत.

समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही. सगळे एकदम सुरू कसे होता?

श्वासाने. ज्याच्याकडे सुरुवात असते तो नाकाने श्वास घेतो, आणि तो श्वास पुढे येणाऱ्या लयीतच घेतो. संथ रचना असेल तर श्वास लांब, द्रुत असेल तर झटका. त्या एका श्वासातून बाकीच्या चौघांना लय, जोर आणि भाव तिन्ही कळायला हवेत. नवीन माणूस गटात आला की पहिले काही आठवडे आम्ही त्याला फार काही वाजवायला लावत नाही. श्वास द्यायला आणि श्वास वाचायला लावतो.

यात एक खोच आहे. पाचही जणांनी नेमक्या एकाच क्षणी फुंकलं तर आवाज एकाच क्षणी निघत नाही. हॉर्नची नळी उलगडली तर जवळजवळ पावणेचार मीटर भरते, आणि तिचं तोंड श्रोत्यांच्या विरुद्ध दिशेला असतं. त्यामुळे हॉर्नचा सूर थोडा उशिरा पोहोचल्यासारखा वाटतो. फ्लूटचे खालचे सूरही सावकाश उमटतात. ओबो मात्र फुंकल्याबरोबर बोलतो. म्हणून हॉर्नवाल्याला केसभर आधी निघावं लागतं आणि ओबोवाल्याला केसभर थांबावं लागतं. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. एकमेकांना महिनोन्‌महिने ऐकून ते अंगात मुरतं.

शेवट जुळवणं सुरुवातीपेक्षाही अवघड. मऊ, लांब स्वर पाचही जणांनी एकत्र सोडायचा म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत प्रत्येकाच्या पोटात हवा शिल्लक हवी.

प्रत्येक वाद्याचा ‘सा’ वेगळा असतो म्हणतात, ते कसं?

पेटी वाजवणाऱ्यांना हे चटकन कळेल. फ्लूट, ओबो, बॅसून यांच्या कागदावर लिहिलेला ‘सी’ वाजवला की पांढरी एक ऐकू येते. क्लॅरिनेटच्या कागदावर तोच ‘सी’ लिहिला असेल तर ऐकू येते काळी पाच. हॉर्नला ऐकू येते पांढरी चार. म्हणून प्रत्येकाचा कागद त्या त्या पट्टीप्रमाणे आधीच बदलून लिहिलेला असतो. एकाने दुसऱ्याचा कागद समोर ठेवून वाजवलं तर सगळंच बिघडेल. क्लॅरिनेट पांढरी सहाचंही मिळतं, काही रचनांत तेच लागतं.

सूर कोणाकडून घेता? तानपुरा तर नसतो.

ओबोकडून घेतो, पांढरी सहा, ४४० हर्ट्‌झ. ओबोचा सूर लवचीक कमी आणि टोकदार जास्त असतो, त्यामुळे इतरांना तो धरणं सोपं जातं. पण तो सूर मिळवणं ही फक्त सुरुवात. खरी जुळवणी वाजवताना, दर स्वरागणिक चालू असते.

आपल्या कानांना ही गोष्ट परकी नाही. तानपुरा नीट जुळला की खर्जातून आपोआप गंधार ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार. पेटीवरचा गंधार त्यापेक्षा चढा असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले आणि एका भागाला सेंट म्हटलं, तर हा फरक जवळपास १४ सेंटचा आहे. पेटी तिचा गंधार हलवू शकत नाही. आम्ही हलवू शकतो, ओठाच्या दाबाने, हवेच्या कोनाने. पाच जणांनी मिळून एक स्वरसमूह धरला आणि त्यात ज्याच्या वाट्याला गंधार आला त्याने तो पेटीच्या जागेवरून तेवढा खाली आणला, की सगळा आवाज एकदम स्वच्छ होतो, भिंतीसुद्धा वाजायला लागतात. तोच माणूस पुढच्या मात्रेला पंचम धरणार असेल तर त्याला लगेच जागा बदलावी लागते. शास्त्रीय गाणं शिकलेले लोक आमच्यात आले की हे फार लवकर उचलतात. शाळेच्या बँडमधून आलेल्या मुलांना आम्ही मुद्दाम तानपुऱ्यावर स्वर लावायला बसवतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात वाद्यांचं काय होतं?

हा प्रश्न बाहेरगावचे वादक हमखास विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवा.

आधी सुरांचं. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशांना तो ३५५ च्या आसपास जातो. नळीची लांबी तीच, वेग वाढला, म्हणून सूर चढतो. हिशेबाने १० अंशांमागे जवळजवळ ३० सेंट. नळीतली हवा वादकाच्या श्वासाने आधीच उबदार असते, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही, तरी मे महिन्यात जानेवारीपेक्षा सूर चढा लागतो हे कोणालाही कळतं. उलट तारा उन्हात सैल पडतात आणि उतरतात. म्हणजे एप्रिलच्या संध्याकाळी सतार किंवा व्हायोलिन सोबतीला असेल तर ते खाली चाललेत आणि आम्ही वर. फ्लूटचा जोड बाहेर ओढून, क्लॅरिनेटचा पिंपासारखा दिसणारा वरचा जोड थोडा उघडून आम्ही काही अंशी भरपाई करतो. फार ओढलं की वाद्याचे स्वर आपापसांत बिघडतात, म्हणून त्यालाही मर्यादा आहे.

सुरांपेक्षा मोठी काळजी लाकडाची. चांगली क्लॅरिनेट आणि ओबो आफ्रिकी काळ्या लाकडाची असतात, आपल्या शिसवीच्याच कुळातलं झाड. नवतपात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. त्यात आपण आत कुलरच्या दमट हवेत तासभर वाजवतो आणि पेटी बंद करून लू सुटलेल्या रस्त्यावर निघतो. आतून ओलं आणि बाहेरून कोरडं, असं लाकूड वरच्या जोडाला तडकतं. म्हणून मार्च संपला की लाकडी वाद्याच्या पेटीत ओलावा धरणारी पुडी ठेवा. वाजवून झाल्यावर नळी आतून कापडाने पुसा. गाडीच्या डिकीत वाद्य कधीही सोडू नका. शक्य असेल तर मे-जूनची तालीम प्लॅस्टिकच्या वाद्यावर करा.

थंडीत उलटी काळजी घ्यावी लागते. जानेवारीच्या सकाळी गार पडलेल्या लाकडी क्लॅरिनेटमध्ये एकदम गरम श्वास सोडला तरी ते तडकू शकतं. आधी हातात धरून, काखेत दाबून कोमट करून घ्यावं.

रीड वेतासारख्या दिसणाऱ्या एका उंच गवतापासून बनते, उत्तम गवत दक्षिण फ्रान्सच्या किनारी भागातलं समजलं जातं. नागपूरच्या कोरड्या हवेत रीडचं टोक लाटांसारखं वाकडं होतं. ती पाण्यात नीट भिजवली आणि काचेवर सपाट दाबून ठेवली की बहुतेक वेळा सरळ होते. पावसाळ्यात रीड खूश असते, मात्र चाव्यांखालचे पॅड फुगतात आणि चिकटतात.

आणि कुलर. तालमीच्या खोलीत कुलर चालू असेल तर मऊ वाजवताच येत नाही, कारण मऊ वाजवलेलं कोणालाच ऐकू जात नाही. उन्हाळ्यात आम्ही सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत बसतो आणि कुलर बंद ठेवतो.

तुमचे वादक कोण आहेत?

नागपुरात पाश्चात्त्य फुंकवाद्यांचं मोठं विद्यालय नाही, म्हणून लोकांना वाटतं की इथे वादकच नसतील. वादक आहेत, आणि भरपूर आहेत. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम हे जाड आवाजाचं पितळी वाद्य वाजवणारे आहेत. प्रजासत्ताक दिनाला कस्तुरचंद पार्कवर संचलनात वाजणारा पोलीस बँड आहे. कामठीला गार्ड्‌स रेजिमेंटचं केंद्र आहे. लष्कराच्या बँडमधले वादक पचमढीच्या लष्करी संगीत विभागात रीतसर शिकलेले असतात, निवृत्त झाल्यावर त्यांतले काही जण याच भागात स्थायिक होतात. सदरच्या चर्चमध्ये गाणाऱ्या घरांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं संगीत, वाचणारी तिसरी पिढी आहे. शाळांच्या बँडमध्ये शिकलेली मुलं-मुली आहेत.

आमच्या गटात यांतल्या प्रत्येक वाटेने आलेलं कोणी ना कोणी आहे. वय, धर्म, वस्ती, पगार, काहीच जुळत नाही. सूर जुळवायचा असतो, तो जुळतो.

लग्नाच्या बँडमधल्या वादकांबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. भर एप्रिलमध्ये जाड कोट आणि टोपी घालून, डांबरी रस्त्यावर चालत, डीजेच्या आणि जनरेटरच्या आवाजात तीन-तीन तास वाजवणाऱ्या माणसाच्या ओठांत आणि फुप्फुसांत जी ताकद असते ती बंद खोलीत सराव करून येत नाही. शेकडो चाली त्याला पाठ असतात. कोणीतरी गाणं ओरडून सांगतं आणि पुढच्या क्षणी ते वाजायला लागतं, तेही नवरदेवाकडच्यांना हव्या त्या लयीत. एवढं येणाऱ्या माणसाला आपण ‘बँडवाला’ म्हणतो, ‘वादक’ म्हणत नाही. फुंकवाद्याला तोंड लागतं म्हणून ते वाजवणाऱ्याला कमी लेखण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. सनई देवळात हवी, लग्नात हवी, आणि सनईवाला मांडवाबाहेर, पंगतीत शेवटी. बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ मध्ये भारतरत्न मिळालं, गावोगावच्या सनईवाल्याचं पान मात्र जिथे मांडलं जायचं तिथेच मांडलं जात राहिलं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक वादकाचं पूर्ण नाव सारख्याच अक्षरांत छापतो. लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, हेही त्याने सांगितलं तर अभिमानाने छापतो.

त्यांना नोटेशन वाचता येतं का?

लष्कर आणि पोलीस बँडमधल्यांना येतं, अनेकदा आमच्यापेक्षा चांगलं. लग्नाच्या बँडमधले बहुतेक कानावर वाजवतात. त्यांच्यासाठी आधी सरगम लिहून देतो, मग हळूहळू पाच रेघांवर आणतो. कान तयार असला की वाचन काही महिन्यांत येतं. उलटा प्रवास जास्त अवघड: आयुष्यभर कागदावर वाजवणाऱ्याला कागद काढून घेतला की घाम फुटतो. म्हणून प्रत्येक तालमीत एक चाल कागदाशिवाय घेतो, आणि ती शिकवण्याचं काम बँडमास्तरांकडे असतं.

हे संगीत आलं कुठून? राजेरजवाड्यांचंच होतं ना?

दरबाराचंही होतं आणि रस्त्याचंही. १७८२ मध्ये व्हिएन्नाच्या सम्राट दुसऱ्या जोसेफने आठ फुंकवाद्यांचा कायमचा गट नेमला, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बॅसून. जेवणाच्या वेळी, बागेत, सणावारी हा गट वाजवायचा. त्याचं बघून इतर सरदारांनीही असेच गट बाळगले. रंगभूमीवर नवा ऑपेरा गाजला की त्याच्या चाली लगेच या गटासाठी उतरवल्या जात. तिथल्याच मोत्सार्ट या संगीतकाराने त्या वर्षीच्या जुलैमध्ये वडिलांना पत्रात लिहिलं आहे की आपल्या नव्या ऑपेराचं फुंकवाद्यांसाठी रूपांतर आठवड्याभरात केलं नाही तर दुसराच कोणीतरी ते करून पैसे घेऊन जाईल. नवं सिनेमागीत आठ दिवसांत वरातीत वाजतं, त्यात आणि यात मला फारसा फरक दिसत नाही.

त्याआधीच्या वर्षीची, १७८१ ची एक हकिगत मला फार प्रिय आहे. मोत्सार्टने दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि दोन बॅसून यांच्यासाठी एक सेरेनेड, म्हणजे संध्याकाळी मोकळ्यावर वाजवायची रचना, लिहिली होती. ३१ ऑक्टोबरला, त्याच्या नामदिनाच्या, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवसाच्या रात्री, सहा वादक त्याच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि त्याचीच ती रचना त्याला ऐकवली. तो वडिलांना लिहितो की हे सहा जण गरीब बिचारे आहेत, पण एकत्र फार छान वाजवतात, विशेषतः पहिला क्लॅरिनेटवाला आणि दोन्ही हॉर्नवाले. पुढे त्याने त्याच रचनेत दोन ओबो घालून ती आठ जणांची केली. तीच आज जगभरच्या सभागृहांत वाजते. ती पहिल्यांदा वाजवणाऱ्यांत रात्री गल्लीबोळांत वाजवून पोट भरणारे वादक होते, हे मी आमच्या प्रत्येक नव्या सदस्याला सांगतो.

आमची पाच वाद्यांची जोडणी त्यानंतरची. अंतोनिन रायखा हा १७७० मध्ये प्रागला जन्मलेला, बेथोव्हनच्याच वयाचा. बॉन शहरात दोघं एकाच वाद्यवृंदात होते, रायखा फ्लूटवर आणि बेथोव्हन व्हायोलावर. पुढे पॅरिसमध्ये रायखाने या पाच वाद्यांसाठी २४ रचना लिहिल्या आणि ही जोडणी रूढ झाली.

तुमच्या कार्यक्रमात काय ऐकायला मिळेल?

रायखा आणि त्याचा समकालीन फ्रान्झ डान्झी आमच्या रोजच्या भाकरीसारखे. कार्ल नील्सन या डॅनिश संगीतकाराचं १९२२ मधलं क्विंटेट आम्ही भाग-भाग करून शिकतो आहोत. ओळखीच्या पाच वादकांचे स्वभाव समोर ठेवून त्याने ते लिहिलं. नंतर त्या पाचांसाठी पाच स्वतंत्र कॉन्चेर्टो, म्हणजे एका वाद्याने वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायच्या रचना, लिहायचा बेत केला, फ्लूट आणि क्लॅरिनेटचे पूर्ण झाले आणि १९३१ मध्ये तो गेला. हॉर्न, ओबो आणि बॅसूनचे राहूनच गेले. आमचा हॉर्नवाला अजून त्याबद्दल हळहळतो. मदतीला आणखी वादक मिळाले तर मोत्सार्टची तेरा वाद्यांची सेरेनेड करायची इच्छा आहे, बारा फुंकवाद्यं आणि एक डबल बास.

आपलं संगीत वाजवता का?

वाजवतो, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त भांडतो. एखाद्या रागाच्या चालीखाली पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरसमूह नुसते चिकटवले की राग मरतो. यमनच्या खाली पावलोपावली बदलणारे आधार घातले तर तीव्र मध्यमाचं आर्जव ऐकूच येत नाही. आमचा उपाय असा: हॉर्न आणि बॅसून मिळून षड्‌ज-पंचम धरतात, आळीपाळीने श्वास घेत, म्हणजे आधाराचा सूर तुटत नाही. चाल एका वेळी एकाच वाद्याकडे. बाकीची दोघं तिला उत्तर देतात, गायकामागे सारंगी किंवा पेटी चालते तशी, पण किंचित मागून. भूप आणि हंसध्वनी असे मोजक्या स्वरांचे राग या मांडणीत खुलतात.

मींड हा खरा कस. क्लॅरिनेटवर बोटांखाली उघडी भोकं असल्यामुळे बोट सरकवून आणि ओठ सैल करून बऱ्यापैकी मींड येते. कर्नाटक संगीतात ए. के. सी. नटराजन यांनी क्लॅरिनेटवर आणि कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनवर गमक किती दूर नेता येतं ते दाखवलंच आहे. ओबोवर ते फार अवघड.

सिनेमातली गाणी मागितली जातात. हक्काची परवानगी असेल तरच घेतो. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात.

ओबो आणि बॅसून वाजवणारे नागपुरात मिळतात?

कायम मिळत नाहीत. ओबो नसेल तेव्हा ती ओळ सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवतो. दुसऱ्या फ्लूटवरही चालते, फक्त ओबोचे सगळ्यात खालचे एक-दोन स्वर फ्लूटला मिळत नाहीत. बॅसूनची ओळ युफोनियमवर घेतो. बँडमध्ये युफोनियम वाजवणारे उत्तम लोक आहेत, त्यांना फक्त सांगावं लागतं की इथे निम्म्या आवाजात वाजवा. कागदावर ठरलेली वाद्यं नाहीत म्हणून संगीत थांबवायचं, हे मला मान्य नाही.

कार्यक्रम नेमके पावसाळ्यातच का करता?

कारण लग्नसराईत आमचे निम्मे वादक कामावर असतात. तुळशीचं लग्न लागलं की त्यांच्या सुपाऱ्या सुरू होतात त्या थेट आषाढापर्यंत. आषाढी एकादशीनंतर हात जरा मोकळे होतात, म्हणून जोरात तालीम तेव्हा, आणि कार्यक्रम श्रावणात, पोळ्याच्या आत. पोळा झाला की मारबत, मग गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, पुन्हा मिरवणुका. कार्यक्रमाच्या दिवशी कोणाला मोठी सुपारी आली तर आम्ही तारीख बदलतो. त्याच्या घरची चूल त्या कामावर चालते.

माइक का लावत नाही?

पाच वाद्यांचा आवाज दोन-अडीचशे माणसांना सहज पुरतो. माइक लावला की पाच दिशांनी येणारा आवाज दोन स्पीकरमधून येतो आणि कोण कुणाशी बोलतंय ते कळेनासं होतं. त्यामुळे सुरेश भट सभागृहासारखी मोठी जागा आमच्यासाठी नाही. उंच छताचं जुनं चर्च किंवा लाकडी मंचाचा छोटा हॉल उत्तम. हॉर्नच्या मागे जाड पडदा असेल तर तो बाजूला करून घेतो, पडदा त्याचा आवाज गिळतो. आयोजकांना एकच विनंती: पंखे मंद ठेवा.

टाळ्या कधी वाजवायच्या?

मनात येईल तेव्हा. रचनेच्या दोन भागांमध्ये टाळ्या आल्या तरी आम्हाला आनंदच होतो.

मला बासरी येते. क्लॅरिनेट लवकर येईल का?

श्वास तयार असल्यामुळे सुरुवात लवकर होईल. मग एका ठिकाणी अडाल. बासरीवर त्याच बोटांनी जोरात फुंकलं की वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. क्लॅरिनेटवर मंद्रातल्या षड्‌जाच्या बोटांनी वर गेलात की सप्तक ओलांडून पुढचा पंचम येतो. दोन सप्तकांची बोटं वेगळी शिकावी लागतात.

मुलांना कोणत्या वयात सुरू करावं? छातीवर ताण येतो का?

पुढचे पक्के दात आले की क्लॅरिनेट आणि फ्लूट सुरू करता येतं, साधारण नऊ-दहाव्या वर्षी. त्याआधी रेकॉर्डर ही शिट्टीसारख्या तोंडाची उभी बासरी, किंवा आपली बासरी. मुलींनी हॉर्न वाजवू नये वगैरे काही नसतं. फुंकवाद्याने छाती खराब होते ही जुनी भीती आहे, निरोगी मुलाला तिचं कारण नाही. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. मोठ्या माणसांना मात्र एक सांगतो: ओबो, हॉर्न, ट्रम्पेट वाजवताना डोळ्यांतला दाब तात्पुरता वाढतो. काचबिंदू असेल तर नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय ही वाद्यं हाती घेऊ नका.

पहिलं वाद्य कोणतं घ्यावं?

नागपुरात पहिलं क्लॅरिनेट प्लॅस्टिकचंच घ्या. बँडची बरीच वाद्यं मेरठहून येतात. पितळी वाद्यांत तिथला माल सरावाला चालतो, पण चाव्यांची वाद्यं जाणकाराने वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

जुनं वाद्य स्वस्तात मिळत असेल तर ट्यूनर लावून बघा. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ४४० ऐवजी ४५२ च्या आसपास सूर ठेवत. त्या काळची वाद्यं अजून बाजारात फिरतात. ती दिसायला सुंदर असतात, पण अर्ध्या पट्टीइतकी चढी वाजतात आणि कितीही ओढली तरी इतरांशी जुळत नाहीत. शोभेसाठी घ्यायचं असेल तरच घ्या.

आमच्या घरच्या लग्नात वाजवाल का?

हो, जेवणाआधी किंवा स्वागताच्या वेळी, बसून. त्याच मांडवात डीजे असेल तर नाही. आणि वादकांची पानं पाहुण्यांबरोबर मांडावी लागतील, ही अट आम्ही आधीच सांगतो.

तालीम ऐकायला किंवा वाजवायला येता येईल का?

दोन्हींसाठी या. रविवारी सकाळी बसतो, पावसाळ्यात संध्याकाळीही. ऐकायला येणाऱ्याने सुरुवातीपासून यावं, कारण पहिला अर्धा तास नुसते लांब स्वर लावतो आणि त्यातूनच बाकी सगळं समजतं. वाजवायला येणार असाल तर वाद्य, पेन्सिल आणि दोन चांगल्या रीड घेऊन या. नोटेशन येत नसेल तरी चालेल. सध्या बॅसून वाजवणारं किंवा शिकायला तयार असलेलं कोणीतरी आम्हाला तातडीने हवं आहे.